हुणसूरमध्ये एक दिवस, एकच रोल

म्हैसूर-कूर्गच्या सहलीत हुणसूर बहुतेक मराठी माणसांना गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. सकाळी म्हैसूर सोडायचं, वाटेत बायलकुप्पेचं सुवर्णमंदिर बघायचं आणि संध्याकाळपर्यंत मडिकेरी गाठायची, असा ठरलेला बेत असतो. म्हैसूरपासून साधारण ४५ किलोमीटरवर एक गजबजलेलं तालुक्याचं गाव येतं. बस स्टँड, टायरची दुकानं, दोरीला लटकलेले केळ्यांचे घड, कन्नड पाट्या. मागून कोणीतरी विचारतं, "इथे चहाला थांबायचं का?" ड्रायव्हर म्हणतो, "पुढे चांगलं हॉटेल आहे." आणि हुणसूर मागे पडतं.

खरं तर हे गाव थांबून बघण्यासारखं आहे. नावातच चिंच आहे. कन्नडमध्ये चिंचेला 'हुणसे' म्हणतात. गावाला लागून लक्ष्मणतीर्थ नदी वाहते. ती कोडगूच्या ब्रह्मगिरी डोंगरात उगम पावते आणि पुढे कृष्णराजसागरच्या जलाशयात कावेरीला मिळते. प्रसिद्ध अमृतमहाल बैलांच्या सरकारी पैदाशीचं ठाणं एकेकाळी इथे होतं, आणि ब्रिटिशांच्या काळात लष्करासाठी चामड्याच्या वस्तू आणि घोंगड्याही इथे बनत. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री देवराज अर्स याच तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे. १९७३ साली म्हैसूर राज्याचं नाव 'कर्नाटक' झालं, ते त्यांच्याच कारकिर्दीत. आज हुणसूर ओळखलं जातं ते तंबाखूसाठी आणि नागरहोळेच्या जंगलाचं दार म्हणून.

मी तिथे गेले ते मात्र यापैकी कशासाठीच नाही. मी गेले माझ्या आत्यासाठी.

अंगणातले फोटो

आत्या आणि काका १९८० च्या दशकात नऊ वर्षं हुणसूरला राहिले. काका बँकेत होते, बदली झाली आणि पुण्याची मुलगी या गावात येऊन पडली. नंतर ते म्हैसूरला गेले आणि तिथेच स्थिरावले. काका आता नाहीत. आत्याचा मुलगा पुण्यात असतो आणि येत्या दिवाळीआधी ती कायमची त्याच्याकडे राहायला जाणार आहे. जाण्याआधी तिला एकदा हुणसूर बघायचं होतं आणि त्याचे फोटो हवे होते. "फोनमधले नकोत," ती म्हणाली, "हातात धरता येतील असे. आणि काकांच्या कॅमेऱ्यावर."

काकांचा कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के१०००. हुणसूर सोडल्यावर त्यांनी तो घेतला होता. संपूर्ण यांत्रिक, भक्कम, ५० मिलिमीटरची एक लेन्स. त्यात बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरती. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होता आणि फोटोग्राफी शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या हातात पहिला कॅमेरा म्हणून आला.

हुणसूरच्या नऊ वर्षांचे आत्याकडे सगळे मिळून अकरा फोटो आहेत. पाहुण्यांनी किंवा काकांच्या मित्रांनी काढलेले. ते मी जमिनीवर मांडून पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळे फोटो अंगणात किंवा रस्त्यावर काढलेले. सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. घराच्या आतला एकही नाही.

तुमच्या घरातला जुना अल्बमही काढून बघा, बहुधा हेच दिसेल. त्या पिढीला अंगणाची फार हौस होती असं नाही. त्या काळी आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या फिल्मचा वेग कमी असे. पूर्व जर्मनीची 'ओर्वो' होती, ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' होती. १०० च्या आसपासच्या वेगाच्या फिल्मला भरपूर ऊन लागायचं. फ्लॅश प्रत्येकाकडे नसायचा. म्हणून फोटो काढायचा म्हटलं की "चला, बाहेर उजेडात या!" अशी हाक यायची. घरातली बाई जिथे दिवसाचे आठ-दहा तास काढायची ते स्वयंपाकघर फोटोत आलंच नाही.

आत्याला हवा होता तो फोटो तिथलाच. हुणसूरच्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर.

फिल्मचा वेग म्हणजे काय?

फोन वापरताना हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. अंधाऱ्या खोलीत गेलो की फोन गुपचूप आपली संवेदनशीलता वाढवतो, उन्हात आलो की कमी करतो. दर फोटोला वेगळा आयएसओ. डिजिटल कॅमेऱ्यातही एक चकती फिरवली की काम होतं.

फिल्ममध्ये तसं नसतं. डब्यावर १००, २००, ४०० किंवा ८०० असा आकडा छापलेला असतो. तो त्या फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या कणांचा स्वभाव असतो आणि रोल कॅमेऱ्यात गेला की तो ३६ फोटोंपर्यंत तोच राहतो. कणीक एकदा भिजवली की पोळी लहान-मोठी, जाड-पातळ लाटता येते, कणीक मात्र तीच राहते, तसंच. तुमच्या हातात उरतात दोनच गोष्टी: लेन्सचं छिद्र किती उघडायचं आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा.

आकडा दुप्पट झाला की फिल्मला निम्मा उजेड पुरतो. म्हणजे २०० ला जेवढा उजेड लागतो, त्याच्या निम्म्यात ४०० भागवते. पण वेगवान फिल्मचे कण मोठे असतात, त्यामुळे फोटोत दाणेदारपणा वाढतो.

ऊन चांगलं असेल तर जुना हिशोब असा: छिद्र एफ/१६ ठेवायचं आणि पडद्याचा वेग फिल्मच्या आकड्याइतका. ४०० च्या फिल्मला सेकंदाचा ४०० वा भाग, म्हणजे कॅमेऱ्यावरचा जवळचा आकडा ५००. मीटर बंद पडला तरी हा हिशोब साथ देतो.

मी रंगीत निगेटिव्हची ४०० ची फिल्म निवडली. एकच रोल, कारण रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग मिळून मला एक फोटो जवळपास चाळीस रुपयांना पडणार होता. ४०० का? कारण रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बऱ्यापैकी सोसते, कमी उजेड सोसत नाही. उन्हात एखादा टप्पा जादा उजेड गेला तरी फोटो सुधारता येतो. अंधारात जे फिल्मवर उमटलंच नाही, ते नंतर कोणीही आणू शकत नाही. दिवसातली सगळ्यात अंधारी आणि तरीही हवीच असलेली जागा कोणती, हे बघून फिल्म निवडायची. आमच्यासाठी ती जागा स्वयंपाकघर होती.

"अंधारात गेल्यावर फिल्म १६०० ची समजून काढ ना, मग लॅबला सांग," असं एका मित्राने सुचवलं. याला 'पुश' करणं म्हणतात. फिल्म रसायनात जास्त वेळ ठेवतात आणि पुसट उमटलेलं चित्र गडद करतात. अडचण ही की संपूर्ण रोल एकाच वेळी धुतला जातो. स्वयंपाकघरासाठी तो जास्त वेळ धुतला तर सकाळची नदीही तेवढाच वेळ रसायनात राहणार, आणि तिचे उजळ भाग जळणार. एका खोलीसाठी अख्खा दिवस पणाला लावायचा नव्हता.

आत्याची यादी, उजेडाचं वेळापत्रक

आत्याने आठवतील तशा जागा लिहून ठेवल्या होत्या: बस स्टँड, घर, नदीचा काठ, मैत्रिणीचं तंबाखूचं शेत, तिबेटी लोकांचा मठ, जंगलाचं फाटक. मी त्या उजेडाप्रमाणे पुन्हा मांडल्या. नदी सकाळी, कारण भर दुपारी तिथे फिल्म मलाच अडवणार होती. ४०० च्या फिल्मवर कडक उन्हात या कॅमेऱ्याचा सर्वांत जास्त वेग, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, लावला तरी छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवावं लागतं. छिद्र बारीक म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट. आत्याच्या चेहऱ्यामागे पुलावरचा ट्रक आणि कपडे वाळत घातलेली दोरीही तितकीच ठळक आली असती.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही साडेआठला नदीवर पोहोचलो तेव्हा आभाळात पातळ ढग होते आणि पाऊस संपत आल्यामुळे लक्ष्मणतीर्थ भरलेली होती, मातकट रंगाची. नंतर ऊन आलं तेव्हा मी आत्याला झाडाच्या सावलीत उभं केलं. मोकळ्या सावलीत उन्हापेक्षा तीन-चार टप्पे उजेड कमी असतो. तिथे एफ/४ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग जमून गेला, मागची नदी मऊ झाली आणि आत्याला डोळे बारीक करावे लागले नाहीत. फिल्मचा वेग बदलता येत नव्हता, म्हणून माणूस दहा पावलं सरकवला. पहिली गोष्ट मी शिकले ती एवढीच.

"काका असते तर म्हणाले असते, उन्हात उभी राहा," आत्या म्हणाली.

अकरा वाजता, कौलातून

घराच्या बाबतीत मी मनात धरलं होतं की दारं-खिडक्या उघडून जेवढा उजेड मिळेल तेवढ्यावर भागवू. आत्याला विचारलं, "स्वयंपाकघराला खिडकी कुठल्या बाजूला?"

"खिडकी नाहीच," ती म्हणाली. "पण काचेचं कौल आहे. अकराला ये."

मंगळुरी कौलांची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे माहीत असेल. छपरात एक-दोन कौलं काचेची बसवतात आणि त्यातून उन्हाचा कवडसा खाली येतो. आत्याला त्या कवडशाचं नऊ वर्षांचं वेळापत्रक पाठ होतं. सकाळी नऊला तो भिंतीवर असतो, मग खाली उतरतो, अकराच्या सुमाराला चुलीसमोरच्या जमिनीवर येतो. थंडीत दोन हात सरकतो. ढग असतील तर येतच नाही. "घड्याळ नव्हतं मला लागत," ती म्हणाली. "कवडसा ओट्याखाली गेला की काकांचा डबा भरायची."

घर अजून होतं. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. आत्याने दारातच कन्नडमध्ये आपली ओळख सांगितली, घरातल्या बाईने आधी तिच्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आत यायला सांगितलं. चूल गेली होती, तिच्या जागी गॅसचा ओटा होता. भिंती निळ्या रंगवल्या होत्या. काचेचं कौल मात्र तेच होतं.

आम्ही गेलो तेव्हा ती बाई कवडशातच सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तांदूळ निवडायला उजेड लागतो आणि त्या खोलीत त्या वेळी उजेड तिथेच असतो. चाळीस वर्षांपूर्वी आत्याही तिथेच बसायची.

आता फोटोचा हिशोब. कवडसा म्हणजे थेट ऊन, आणि बाकीची खोली त्याच्यापुढे जवळजवळ काळोख. चेहरा कवडशात ठेवला असता तर कपाळ पांढरं फटक आणि डोळे खड्ड्यात गेले असते. पण सुपातल्या पांढऱ्या तांदळावर पडलेलं ऊन उसळून वर येत होतं आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मऊ उजेड पडत होता. मी आत्याला त्या बाईच्या शेजारी बसायला सांगितलं. तिने आपण होऊन सुपात हात घातला. कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन उजेड मोजला: एफ/२.८, सेकंदाचा साठावा भाग. हातात धरून काढता येईल असा वेग. कवडशाचा तुकडा फोटोत पूर्ण पांढरा येणार हे दिसत होतं, तो येऊ दिला. चेहऱ्याला हवा तेवढा उजेड मिळणं महत्त्वाचं होतं.

तीन फोटो काढले. दोन मोजलेल्या उजेडावर आणि एक त्याहून एक टप्पा जास्त. त्यानंतर ढग आला आणि कवडसा गेला. सगळं मिळून सहा-सात मिनिटं.

त्या मिनिटांत माझ्या लक्षात आलं की फिल्मच्या ठरलेल्या वेगाशी जुळवून घ्यायचं सगळ्यात उपयोगी साधन माझ्याकडे नव्हतंच, ते आत्याकडे होतं. माझ्याकडे फोन असता तर मी दहाला पोहोचले असते, फोटो काढून निघाले असते आणि "अकराला ये" हे वाक्य माझ्या कानावर पडलंच नसतं.

होगेसोप्पू

कन्नडमध्ये तंबाखूला 'होगेसोप्पू' म्हणतात. होगे म्हणजे धूर, सोप्पू म्हणजे पाला. तंबाखूबद्दल आपलं मत काहीही असो, हुणसूर तालुक्यात कितीतरी कुटुंबांचं वर्ष या पिकावर ठरतं. तंबाखू संशोधनाचं एक केंद्रही इथे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लागवड होते, पुढे पानं खालून वर टप्प्याटप्प्याने तोडली जातात, काठ्यांना बांधून उंच, अरुंद भट्टीघरात टांगली जातात. या भट्टीघराला इथे सगळे 'बॅरन'च म्हणतात. बाहेर सरपणाची आग, आत लोखंडी नळ्यांतून फिरणारी गरम हवा. आठवड्याभरात हिरवं पान सोनेरी पिवळं होतं.

आत्याच्या मैत्रिणीच्या पडवीत बायका वाळलेल्या पानांची प्रतवारी करत होत्या. रंग बघून, बोटांनी चाचपून. हवेत गोडसर, घशाला झोंबणारा वास. त्या पिवळ्या रंगासाठीच रंगीत फिल्म घेतली याचं समाधान वाटलं. उजेड मात्र एका दारातूनच येत होता: एफ/२ आणि सेकंदाचा तिसावा भाग, लेन्स पूर्ण उघडी. या वेगाला बसलेला माणूस स्पष्ट येतो, हलणारे हात पुसट येतात. मी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास रोखून काढले. नंतर छापून आलेल्या फोटोत बायकांचे चेहरे स्थिर आहेत आणि हातांच्या जागी पिवळी रेघ आहे. कामाची गती त्यातच दिसते.

जे काढले नाहीत ते फोटो

हुणसूर तालुक्यातल्या गुरुपुरा इथे १९७० च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे आणि तिथेच ग्युमे तांत्रिक मठ आहे. एकाच गळ्यातून खर्ज आणि वरचा असे दोन सूर एकदम निघाल्यासारखं वाटणाऱ्या पठणासाठी इथले भिक्षू ओळखले जातात. बायलकुप्पेला गर्दी असते, इथे आम्ही गेलो तेव्हा नव्हती. प्रार्थनागृहात कॅमेऱ्याचा काटा सेकंदाच्या आठव्या भागावर आला. स्टँड नाही, फ्लॅश मारणं असभ्य. मी कॅमेरा खाली ठेवला. परवानगी विचारून आत्याने फोनवर एक फोटो काढला आणि तो छान आला. फिल्म वापरणारी माणसं फोनला नाकं मुरडतात ते मला पटत नाही. ज्या कामाला जे हत्यार. पण कॅमेरा ठेवल्यावर आम्ही वीस मिनिटं नुसतं बसलो, हेही खरं.

शेवटी नागरहोळेचं वीरनहोसहळ्ळीचं फाटक. संध्याकाळी जंगलात ४०० ची फिल्म फार काही करू शकत नाही. हलणारं जनावर थांबवायला सेकंदाचा किमान अडीचशेवा भाग हवा आणि तेवढा उजेड झाडांखाली नसतो. मग त्या काळच्या लोकांनी कसं केलं असेल?

इथे मला दोन गोष्टी आठवल्या. देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात १९७२ ते १९७७ अर्थमंत्री होते एम. वाय. घोरपडे. संडूरच्या मराठा संस्थानिक घराण्यातले. ते उत्तम वन्यजीव छायाचित्रकार होते, विशेषतः कृष्णधवल फोटोंसाठी नावाजलेले. त्यांच्या १९८३ साली आलेल्या पुस्तकाचं नाव आहे 'सनलाइट अँड शॅडोज', म्हणजे ऊन आणि सावल्या. राज्याच्या तिजोरीचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने रोलमधल्या मोजक्या फोटोंचा आणि मोजक्या उजेडाचा हिशोबही तितक्याच निष्ठेने ठेवला, हे मला फार आवडतं.

दुसरी गोष्ट वाघांची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. उल्हास कारंत यांनी याच नागरहोळेत वाघ मोजायला स्वयंचलित कॅमेरे लावले. ते कॅमेरे फिल्मचे होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. वाघ समोरून गेला की फ्लॅश उडायचा. अंधार आणि ठरलेला वेग यांवर तिथे उपाय होता आपला उजेड आपणच न्यायचा. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांवरून त्याला ओळखून संख्येचा अंदाज बांधायची त्यांची पद्धत १९९५ साली प्रसिद्ध झाली.

आम्ही फाटकाबाहेर थांबलो. आभाळाचा उजेड मोजून झाडांच्या काळ्या आकृत्यांचे दोन फोटो घेतले. आकाश उजळ असेल तर संध्याकाळीही फिल्मला पुरतं, फक्त जमिनीवरचं सगळं काळं होणार हे मान्य करावं लागतं. फाटकाजवळ चितळांचा कळप होता. तो आम्ही डोळ्यांनीच पाहिला.

तुम्ही जाणार असाल तर

घरातला जुना कॅमेरा कपाटातून निघाला असेल आणि सहलीला न्यायचा विचार असेल तर माझ्या अनुभवातून थोडं सांगते.

फक्त बाहेरचं फिरणं असेल तर १०० किंवा २०० ची फिल्म पुरते, रंग आणि बारकावे छान येतात. घरं, देवळं, बाजार असं मिश्र असेल तर ४०० घ्या. कॅमेऱ्याच्या वेगाच्या चकतीवर रोलचाच आकडा लावला आहे ना, ते सुरुवातीलाच बघा, म्हणजे मीटर बरोबर मोजेल.

दिवसातल्या जागा उजेडाप्रमाणे लावा. माणसांचे फोटो सकाळी किंवा सावलीत. भर दुपारी इमारती, छपरं, भिंती, बाजार. फार उजेडात छिद्र मोठं ठेवायचंच असेल तर लेन्सवर काळसर फिल्टर लावता येतो. तीन टप्पे उजेड कमी करणारा एक पुरेसा आहे.

अंधाऱ्या खोलीत आधी छत बघा, मग दार, मग जमीन. उजेड थेट येतो त्यापेक्षा तो कशावरून तरी परत येतो ती जागा चेहऱ्यासाठी चांगली. पांढरी चादर, चुन्याची भिंत, परातीतलं पीठ, काहीही चालतं. भिंतीला टेका, श्वास सोडा आणि मग बटण दाबा.

विमानाने जात असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या प्रकारच्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते. वेगवान फिल्मला धोका अधिक.

आणि जे फिल्मवर येणार नाही ते सोडून द्या. फोन खिशात असतोच.

आमचा रोल पंधरा दिवसांनी धुऊन आला. ३६ पैकी एकतीस छापण्यासारखे निघाले. स्वयंपाकघराच्या तिघांपैकी एक टप्पा जास्त उजेड दिलेला सगळ्यात चांगला आला: निळी भिंत, सुपात दोघींचे हात, आत्याचा खाली वळलेला चेहरा आणि जमिनीवर एक पांढराशुभ्र चौकोन. आत्याने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "यात अकराला पाच कमी असतील."

तुमच्या घरात, किंवा गावाकडच्या घरात, ऊन किती वाजता कुठे येतं? ठाऊक नसेल तर त्या घरात जी व्यक्ती सगळ्यात जास्त वर्षं राहिली आहे तिला विचारा. कॅमेरा मागाहून आणला तरी चालेल.